मिशिगनचे चार डेलिगेट आणि घरी राहिलेलं मत

संपादकसाहेब, नमस्कार.

अमेरिकेतल्या प्रायमरीची, म्हणजे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला राज्याराज्यात होणाऱ्या मतदानाची, बातमी तुमच्या पेपरात येते तेव्हा कोण जिंकलं आणि किती टक्के मतं पडली एवढंच असतं, डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) किती मिळाले ते बहुतेक वेळा नसतंच. पण तिकीट मिळतं ते डेलिगेटवर, आणि तो हिशोब मतदान झाल्यावरसुद्धा कसा फिरतो ते आमच्या घरानं 2008 साली बघितलंय, म्हणून लिहितोय.

आम्ही मिशिगनला राहतो, डेट्रॉईटजवळ. तेव्हा दोघंही नवे सिटिझन, मी ओबामावाला आणि बायको हिलरीवाली, जेवताना रोज वाद. पक्षाचा नियम असा होता की आयोवा, न्यू हॅम्पशायर, नेवाडा आणि साउथ कॅरोलायना सोडून कुणी 5 फेब्रुवारीच्या आधी प्रायमरी घ्यायची नाही, तरी मिशिगननं ती 15 जानेवारीला ठेवली, म्हणून डेमोक्रॅटिक पक्षानं आमचे सगळेच्या सगळे डेलिगेट रद्द केले. फ्लोरिडाचंही तेच झालं. मग ओबामा, एडवर्ड्स वगैरेंनी मिशिगनच्या मतपत्रिकेवरून नावं काढून घेतली, हिलरी क्लिंटन यांनी ठेवलं.

मी गेलो मतदानाला. पेनानं गोल काळा करायचा, आणि माझ्या उमेदवाराचं नावच नाही! हातानं नाव लिहिलं तर ते मत मोजणार नाहीत हे आधीच सांगितलेलं, मग 'अनकमिटेड', म्हणजे कुठल्याच उमेदवाराला न बांधलेलं मत, त्यासमोरचा गोल भरून आलो. बायको गेलीच नाही. तिच्या उमेदवाराचं नाव होतं, पण मत धरणारच नाहीत तर कामावरून लवकर निघून काय उपयोग, असं म्हणाली. तिचं काय चुकलं सांगा, पक्षानंच तसं जाहीर केलेलं.

क्लिंटन यांना 55 टक्के मिळाले, अनकमिटेडला 40. पुढे देशभरात लढत इतकी अटीतटीची झाली की 31 मे ला पक्षाची नियम समिती वॉशिंग्टनला एका हॉटेलात बसली आणि आमचे डेलिगेट परत दिले, प्रत्येकाला अर्धं मत. तेवढं एक वेळ ठीक. पण मतांच्या हिशोबानं क्लिंटन यांचे 73 आणि अनकमिटेडचे 55 होत होते, समितीनं केले 69 आणि 59, आणि ते 59 सरळ ओबामांच्या नावावर. माझ्या ऑफिसातल्या दोघांनी एडवर्ड्ससाठी अनकमिटेड भरलेलं, त्यांचं मतही ओबामांचं झालं, वर क्लिंटन यांचे 4 कमी. ठराव 19 विरुद्ध 8 नं पास. ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनाआधी तर पूर्ण मतंसुद्धा परत मिळाली.

फायदा माझ्याच माणसाचा झाला, तरी मला हे तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. त्या 4 डेलिगेटमुळे निकाल बदलला नसता, मान्य. पण पडलेल्या मतांवर अंदाजानं आकडा बसवायचा अधिकार समितीला कुणी दिला? आणि नियमावर विश्वास ठेवून घरी बसलेल्या माझ्या बायकोसारख्यांचं काय, त्यांचं मत तर कुठल्याच हिशोबात आलं नाही.

आयोवा आणि न्यू हॅम्पशायरलाच कायम पहिला मान का, हा मिशिगनचा प्रश्न बरोबरच होता, आमचे सिनेटर कार्ल लेव्हिन वर्षानुवर्षं तेच सांगत होते. 2024 ला पक्षानं क्रम बदलला तर न्यू हॅम्पशायरनं नियम मोडून 23 जानेवारीला प्रायमरी घेतली. पक्षानं आधी ती निरर्थक म्हटली, बायडेन यांचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं, लोकांनी हातानं लिहून त्यांना जिंकवलं, आणि नंतर डेलिगेट परत दिलेच. परत तोच प्रकार. शिक्षा द्यायची तर शेवटपर्यंत ठेवा, माफ करणार असाल तर मतदानाच्या आधी सांगा ना.

त्याच वर्षी 27 फेब्रुवारीला मिशिगनमध्ये गाझाच्या प्रश्नावर 1 लाखाहून जास्त लोकांनी मुद्दाम अनकमिटेड भरलं. राज्यात 13 टक्केच झाले, पण काही मतदारसंघांत डेलिगेट मिळायला लागणारी किमान 15 टक्क्यांची अट पार झाली म्हणून 2 डेलिगेट मिळाले. अट आधीपासून माहीत होती, मतं मोजली, दिले 2, विषय संपला. 2008 ला मी भरलेला गोल तोच होता.

2028 च्या प्रायमरी आल्या की प्रत्येक राज्याच्या निकालासोबत डेलिगेटचा आकडा आणि तिथला वाटपाचा नियम दोन ओळींत छापा, एवढी विनंती.

आपला एक वाचक, मिशिगन