अखेनातेनचा देव प्रजेपर्यंत पोहोचलाच नाही

महोदय,

इजिप्तचा राजा अखेनातेन याच्यावरचा रविवार पुरवणीतला लेख आवडीने वाचला. आमून या तेव्हाच्या प्रमुख देवाच्या पुरोहितांची सद्दी मोडून त्याने आतेन या एकाच देवाची, म्हणजे सूर्यबिंबाची, उपासना सुरू केली हे खरेच. पण तेवढ्यावरून त्याला समाजसुधारक म्हणणे मला मान्य नाही.

त्या काळातली भिंतीवरची शिल्पे नीट पाहावीत. सूर्यबिंबातून किरण निघतात, प्रत्येक किरणाच्या टोकाला इवलासा हात, काही हातांत जीवनाचे चिन्ह. ते चिन्ह कोणाच्या नाकाशी धरले आहे? राजाच्या आणि राणी नेफरतितीच्या. बाकीचे सगळे खाली वाकलेले. राजाखेरीज तुला जाणणारा कोणी नाही, असे आतेनच्या स्तोत्रातच म्हटले आहे. पूर्वी देवाच्या दारात पुरोहित उभा होता, आता तिथे राजा उभा राहिला, एवढाच काय तो फरक.

आमूनचे नाव जिथे दिसेल तिथे छिन्नीने खोडले गेले. सख्ख्या बापाच्या, तिसऱ्या आमेनहोतेपच्या, नावातला आमूनही सुटला नाही. काजळ ठेवण्याच्या भांड्यांवरूनसुद्धा ते नाव खरवडलेले सापडते. धाक असल्याशिवाय कोण आपल्या काजळाच्या भांड्याला छिन्नी लावील?

नाईलकाठच्या ओसाड जागेवर, आजच्या अमर्ना इथे, त्याने थोड्या वर्षांत नवी राजधानी उभारली. याचे कौतुक लेखात भरपूर आहे. पण 2006 पासून तिथल्या सामान्यांच्या दफनभूमीत उत्खनन झाले, त्याचा उल्लेखही नाही. चटईत गुंडाळून पुरलेली माणसे, उपासमारीने खुंटलेली हाडे, ओझ्याने दबलेले मणके, आणि ऐन कोवळ्या वयात गेलेली कितीतरी पोरे! कामगारांच्या वस्तीत सापडतात ते बेस आणि तावेरेत यांचे ताईत. बाळंतिणीला आणि तान्ह्या जिवाला राखणारे हे जुने देव. कळा सुरू झालेल्या बाईला राजाचा आतेन आठवला नाही, यात नवल ते काय?

अखेनातेनची कारकीर्द 17 वर्षांची. पुढे गादीवर आलेल्या तुतनखातेनच्या नावातला आतेन जाऊन आमून परत आला, तो तुतनखामून झाला. 'प्रजेने नवा धर्म नाकारला' असे लेखक म्हणतात. तो प्रजेच्या हाती दिलाच कधी होता?

या विषयावर पुन्हा लेख आलाच, तर नेफरतितीच्या बर्लिनमधल्या शिल्पाशेजारी त्या दफनभूमीचाही एक फोटो अवश्य छापावा, ही विनंती.

— इतिहासाची एक निवृत्त शिक्षिका, सातारा