आरोग्यमंत्री महोदय, वॉर्डात श्वास मोजायला लावा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

सांगली जिल्ह्यात वॉर्डांतून नोकरी करून मी निवृत्त झाले. मी पाहिलेल्या बहुतेक चार्टांवर नाडी वेगवेगळी, बीपी वेगवेगळा, श्वास मात्र सगळ्यांचा मिनिटाला वीस. न्यूमोनियाचे आजोबा असोत की हर्नियाचं ऑपरेशन झालेला पोरगा, वीसच. तो कुणी मोजलेलाच नसतो. बाकीचे आकडे यंत्र देतं. श्वासासाठी पूर्ण मिनिटभर खाटेजवळ थांबावं लागतं, तेही नाडी बघतोय असं भासवून, कारण कळलं की पेशंट श्वास बदलतो. वॉर्ड भरलेला आणि रात्रपाळीला एकच सिस्टर असली की आधी हे मिनिट जातं.

आणि पेशंट बिघडायला लागला की बहुधा श्वासच आधी बदलतो. जंतुसंसर्ग अंगभर पसरला किंवा आत रक्तस्राव सुरू झाला की रक्तातली आम्लता वाढते, ती उतरवायला माणूस भराभर श्वास घेतो. तरण्या पेशंटचा बीपी बराच वेळ तग धरतो. तो पडतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. कोविडनंतर बोटाला लावायचे ऑक्सिमीटर सगळीकडे आले, त्यानं वेगळीच फसगत केली. ऑक्सिजन चालू असलेल्या पेशंटचा आकडा ९६ दिसतो, श्वास ३२ असतो, आणि केसपेपरवर ‘स्टेबल’ लिहून राऊंड पुढे सरकतो.

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ मध्ये बिघडणारा पेशंट वेळीच ओळखायला श्वास, नाडी, बीपी अशा नोंदींना गुण देणारा तक्ता केला, २०१७ मध्ये सुधारला. श्वास २५ किंवा वर गेला की ३ गुण. पेशंट नव्यानं बरळायला लागला तरी ३. बेरीज ५ झाली की डॉक्टरनं तातडीनं यायचं, ७ म्हणजे आणीबाणी. आपल्याकडे हे बरळणं सगळ्यात आधी कळतं ते खाटेशेजारी चटईवर बसलेल्या सुनेला. ‘सिस्टर, आत्याबाई मला वळखंनात,’ असं ती सांगत येते, आणि आपण तिला गप्प बसवतो.

रात्री अडीचला डॉक्टरांना फोन केला की विचारतात, ‘बीपी चांगलाय ना? मग कशाला उठवलंत?’ असं एकदा ऐकलेली नवी मुलगी पुढच्या वेळी सकाळची वाट बघते. सिडनीच्या लिव्हरपूल रुग्णालयानं १९९० मध्येच आणीबाणीचं पथक नेमलं. तिथे नर्सला नुसती काळजी वाटली तरी पथक बोलावता येतं, कारण द्यावं लागत नाही.

आपण प्रशिक्षणं घेतो, नाही असं नाही. पुतळ्याची छाती दाबतो, प्रमाणपत्र घेतो. पण ते हृदय थांबल्यावरचं. त्याआधीचे काही तास चार्टवर ‘वीस’ लिहिण्यात गेलेले असतात.

जत-आटपाडीचा पेशंट मिरजेला पोचायला दीड-दोन तास जातात, १०८ लगेच मिळाली तरी. म्हणून हे तालुक्याच्या रुग्णालयापासून सुरू व्हायला हवं. प्रत्येक वॉर्डात सेकंदकाटा असलेलं घड्याळ द्या. चार्टवर गुणांचा रकाना छापा. रेफर चिठ्ठीवर मोजलेला श्वास आणि मोजल्याची वेळ सक्तीची करा. सिस्टरनं फोन केल्याची आणि डॉक्टर आल्याची वेळ शेजारीशेजारी लिहायचा आदेश काढा, आणि या नोंदी दर महिन्याला जिल्हा शल्यचिकित्सकांनी स्वतः बघाव्यात. रिक्त पदांबद्दल संघटना आपल्याला लिहितच असते, म्हणून इथे ते लांबवत नाही.

आपली विश्वासू,
एक सेवानिवृत्त परिसेविका, जि. सांगली