एका वर्षाची किंमत : केंद्रीय क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय क्रीडामंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी दुपारी माझ्या मुलाच्या मोबाइलवर एक पीडीएफ आली. चार ओळींचं पत्र, खाली गोल शिक्का. जिल्हा क्रिकेट संघटनेची मान्यता नसलेल्या स्पर्धेत भाग घेतला म्हणून एक वर्ष निलंबन. आधी नोटीस नाही, विचारणा नाही.

मुलगा अठरा वर्षांचा आहे. शेजारच्या तालुक्यात भरलेल्या लेदर बॉलच्या टी-20 स्पर्धेत तो तीन सामने खेळला. सहा हजार रुपये मिळाले, त्यातून त्याने स्पाइक्स घेतले. येत्या रविवारी 19 वर्षांखालील गटाची निवड चाचणी आहे. वर्षभराने तो या गटातच बसणार नाही. म्हणजे त्यांच्या कागदावर एक वर्ष, पण त्याची ही वाट कायमची बंद.

मी पतसंस्थेत क्लार्क आहे. पोरगा नऊ वर्षांचा असल्यापासून पहाटे साडेपाचला त्याला मैदानावर सोडतो आणि मग कामावर जातो. त्याच्या आईची दोन वर्षांची भिशी एका किटमध्ये गेली. मंगळवारी रात्री तो बॅटला जवसाचं तेल लावत बसला होता. एकच जागा पुन्हा पुन्हा पुसत होता. मला काही बोलता आलं नाही.

हा जिल्ह्याचा प्रश्न आहे, तिकडे दाद मागा, असं कृपया सांगू नका. ही रीत वरूनच आलेली आहे. 2007 मध्ये एस्सेल समूहाने इंडियन क्रिकेट लीग काढली, कपिल देव तिचे प्रमुख झाले, आणि बीसीसीआयने तिथे खेळणाऱ्यांना आपली दारं बंद केली. 2009 मध्ये त्या खेळाडूंना 'माफी' दिली. माफी कसली? क्रिकेटपटू क्रिकेट खेळले, हा गुन्हा होता का? अंबाती रायुडू परत आला, मुंबई इंडियन्सकडून खेळला, भारताकडूनही खेळला. बाकीच्या किती जणांची उमेदीची वर्षं त्यात गेली, ती कोण मोजणार?

आणि हे चूक आहे, असं तुमच्याच सरकारी आयोगाने म्हटलेलं आहे. आयपीएलचे प्रक्षेपण हक्क विकताना बीसीसीआयने लिहून दिलं होतं, की दुसऱ्या कुठल्याही स्पर्धक टी-20 लीगला आम्ही मान्यता देणार नाही. बाजारातल्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाने 2013 मध्ये त्यावर 52.24 कोटींचा दंड केला. 2015 मध्ये तो आदेश अपिलात रद्द झाला, फेरतपासणी झाली आणि 2017 मध्ये पुन्हा तेवढाच दंड. आता हिशेब करा. 2023 ते 2027 चे आयपीएलचे हक्क 48,390 कोटींना गेले, म्हणजे एका सामन्याचे सरासरी 118 कोटी. अर्ध्या सामन्याची कमाईसुद्धा नाही हा दंड! त्याचा धाक कोणाला वाटणार?

हॉकीतही हेच. आमच्या खडकीचे धनराज पिल्ले आणि इतर खेळाडू अशाच बंधनांविरुद्ध आयोगाकडे गेले होते. तिथे आयोगाने हॉकी इंडियाला दोषी धरलं नाही. युरोपात मात्र दोन डच स्केटर लढले आणि 2023 च्या डिसेंबरमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जागतिक स्केटिंग संघटनेचे असेच नियम बेकायदा ठरवले. परवानगी देणारा तोच, धंदा करणारा तोच, शिक्षा करणाराही तोच, हे तिथे चाललं नाही. इथेच का चालतं?

स्पर्धा कायदा कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे आहे, ठाऊक आहे मला. पण राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा तर तुमचा! ऑगस्ट 2025 मध्ये मोठ्या थाटात मंजूर केलात. मूळ विधेयकात मान्यताप्राप्त संघटना माहिती अधिकाराखाली येणार होत्या. मग दुरुस्ती केलीत, सरकारी अनुदान घेणाऱ्याच येतील. बीसीसीआय सरकारचं अनुदान घेत नाही, सुटली. 2018 मध्ये विधी आयोगाने नेमकं उलट सांगितलं होतं. संघाच्या नावापुढे 'भारत' लागतं ते कोणाचं?

प्रेक्षकांचं तरी काय राहिलंय? हक्क विकले तेव्हा टीव्ही एका कंपनीकडे गेला, मोबाइल दुसरीकडे. 2024 मध्ये दोघी एक झाल्या, आयोगाच्याच परवानगीने. आयपीएलच्या तिकिटावरचा जीएसटी 28 चा 40 टक्के झाला. सगळीकडे एकच खिडकी आणि बाहेर रांगेत आम्ही.

मला दंड नको, भरपाई नको. मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळला एवढ्याच कारणावरून कुठल्याही खेळाडूला निलंबित करता येणार नाही, हे एक वाक्य नियमांत घाला. ज्या संघटनेला स्वतःची लीग चालवायची आहे, तिच्या हातून दुसऱ्याच्या लीगला नकार देण्याचा अधिकार काढून घ्या. तुमच्या कायद्यात क्रीडा न्यायाधिकरण आहे. तालुक्यातल्या मुलाला तिथे वकिलाशिवाय, साध्या अर्जावर दाद मागता येऊ द्या.

चाचणी रविवारी सकाळी सातला आहे. त्याने बॅग भरून दाराशी ठेवली आहे. मी अजून त्याला ती उचलून ठेव म्हणालेलो नाही.

आपला,
एका खेळाडूचा बाप