संशोधनासाठी चालणारा संगणक 'व्यावसायिक' ठरवून वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : वॉरंटीच्या मुदतीत निकामी झालेली हार्ड डिस्क बदलून देण्यास दिलेला नकार मागे घेण्याबाबत

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीची हार्ड डिस्क वॉरंटी संपायला बराच अवकाश असताना बंद पडली. बदलून मिळावी म्हणून मी रीतसर अर्ज केला. 'क्रिप्टो मायनिंगसारखा अखंड व व्यावसायिक वापर' एवढे एक वाक्य लिहून आपण तो फेटाळलात. क्रिप्टो मायनिंग म्हणजे संगणकाला गणिते करायला लावून आभासी चलन कमावणे. हे कारण खोटे आहे आणि मला ते अजिबात मान्य नाही.

माझा संगणक बॉइंक या प्रणालीवर स्वयंसेवी संगणनाचे काम करतो. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झालेली ही मोफत प्रणाली आहे. संशोधक मोठ्या गणिताचे लहान लहान तुकडे करतात, ते जगभरच्या लोकांच्या घरातल्या संगणकांवर पाठवतात आणि उत्तरे परत घेतात. मी आइन्स्टाइन अॅट होम आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाचा क्लायमेटप्रेडिक्शन हे प्रकल्प चालवतो. आइन्स्टाइन अॅट होमच्या स्वयंसेवकांच्या संगणकांनी 2010 साली एक नवा पल्सार, म्हणजे वेगाने फिरत नियमित स्पंदने पाठवणारा मृत तारा, शोधून काढला होता. या कामातून मला एक पैसाही मिळत नाही, उलट विजेचे बिल मीच भरतो. याला व्यापार म्हणायचे असेल, तर तसे आपल्या वॉरंटीच्या अटींत छापलेले असायला हवे होते. मी त्या अटी पुन्हा नीट वाचल्या. संगणक दिवसरात्र चालू ठेवू नये, असे त्यांत कुठेही म्हटलेले नाही.

'अखंड वापरा'बद्दलही बोलतो. या कामाचा ताण प्रोसेसरवर पडतो. डिस्कवर जे लिहिले जाते ते मुख्यतः चेकपॉइंट, म्हणजे गणित कुठवर आले याची छोटी नोंद, आणि तीही मूळ सेटिंगप्रमाणे मिनिटाला जास्तीत जास्त एकदा. पुरावा आपल्याच डिस्कमध्ये आहे. डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या नोंदी ठेवते त्याला स्मार्ट अहवाल म्हणतात. त्यातल्या 241 आणि 242 क्रमांकांच्या नोंदी एकूण किती लिहिले आणि वाचले ते दाखवतात. आपल्या माहितीपत्रकात वर्षाला 55 टेराबाइटपर्यंतचा भार चालेल असे छापले आहे. माझ्या डिस्कची आजवरची सगळी बेरीज एका वर्षाच्या त्या मर्यादेच्या निम्मीही भरत नाही. अर्ज फेटाळण्यापूर्वी हे दोन आकडे कुणी पाहिले होते का?

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. डिस्क बंद पडण्याआधी मी आपल्याला कळवले होते. स्मार्ट अहवालातल्या 197 व्या नोंदीत, म्हणजे डिस्कवरचे जे सेक्टर (माहिती साठवण्याचे छोटे कप्पे) वाचता येत नाहीत आणि ज्यांचा निर्णय डिस्कने लांबणीवर टाकलेला असतो त्यांच्या संख्येत, वाढ दिसू लागली होती. आपल्या प्रतिनिधीने कंपनीचे तपासणी सॉफ्टवेअर चालवायला सांगितले. त्यावर हिरव्या अक्षरांत 'पास' असे आले आणि तक्रार बंद झाली. कित्येक डिस्कमध्ये या नोंदीची धोक्याची मर्यादा शून्य ठेवलेली असते, त्यामुळे सेक्टर कितीही खराब झाले तरी एकंदर निकाल 'पास'च येतो. हजारो डिस्क चालवणारी बॅकब्लेझ कंपनी बिघाडाची चाहूल घेण्यासाठी 5, 187, 188, 197 आणि 198 या पाच नोंदी पाहते, हे तिने उघडपणे लिहिले आहे. डिस्क बनवणाऱ्या कंपनीला हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. त्याच वेळी डिस्क बदलून मिळाली असती, तर पुढचे काहीच घडले नसते.

पुढे डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला. मी लगेच संगणक थांबवला आणि दुसऱ्या डिस्कवर जीएनयू डीडीरेस्क्यूने प्रत काढायला घेतली. हा प्रोग्राम आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो आणि अडलेल्या जागांकडे नंतर वळतो. बहुतेक सगळे निघाले. पण क्लायंट स्टेट नावाची जी फाइल संगणकाची ओळख आणि चालू कामांची यादी सांभाळते, ती उघडली तर मधल्या भागात नुसती शून्ये. तिची आधीची प्रतही त्याच खराब पट्ट्यात सापडलेली.

यावर आपल्या प्रतिनिधीने मला ऐकवले, "बॅकअप ठेवायला हवा होता." बॅकअप होता. खात्यांच्या फाइली आणि सेटिंग त्यातून लगेच परत आल्या. चालू काम मात्र बॅकअपमधून परत येत नाही, आणि हे आपल्या लोकांनी एकदा समजून घ्यावे. संगणक प्रकल्पाच्या सर्व्हरशी बोलतो तेव्हा दर खेपेला एक क्रमांक वाढतो. बॅकअपमधला क्रमांक सर्व्हरकडच्या नोंदीच्या मागे पडलेला असतो. मग सर्व्हर समजतो की कुणीतरी फोल्डरची नक्कल केली आहे, आणि संगणकाला नवी ओळख देतो. जुन्या ओळखीवरची कामे पोरकी होतात. शिवाय बॅकअपमध्ये दिसणारी बरीच कामे तोवर पूर्ण होऊन जमाही झालेली असतात. प्रकल्पाच्या वेबसाइटवर जुना आणि नवा संगणक एकत्र करता येतो, तसा मी केला, क्रेडिट, म्हणजे केलेल्या कामाचे गुण, जुळले. अर्धवट राहिलेली गणिते मात्र गेली ती गेलीच.

त्यांत क्लायमेटप्रेडिक्शनची हवामान प्रारूपे होती. अशी प्रारूपे दिवसेंदिवस, कधी आठवडेच्या आठवडे चालतात. आइन्स्टाइन अॅट होममध्ये तर एकच काम पडताळणीसाठी दोघांकडे जाते. माझे उत्तर आले नाही की कुठल्या तरी अनोळखी माणसाचे पूर्ण झालेले उत्तरही तसेच अडकून पडते, आणि ते काम तिसऱ्या कुणाला तरी पाठवावे लागते. ज्यांनी आपली डिस्क विकत घेतलेली नाही, त्यांचाही वेळ यात वाया जातो. मला सगळ्यात जास्त हेच लागले.

माझी मागणी साधी आहे. मला त्याच क्षमतेची नवी डिस्क द्यावी. दुरुस्त करून पुन्हा बाजारात आणलेली डिस्क मी स्वीकारणार नाही, कारण बिघाडाची सूचना मी वेळेत दिली होती आणि ती आपण बाजूला सारली होती. माझ्या नावापुढे लावलेला 'व्यावसायिक वापर' हा शेरा आपल्या नोंदींतून काढून तसे लेखी कळवावे. आणि तपासणी सॉफ्टवेअरमध्ये न वाचता येणारे सेक्टर वाढत असतील तर तिथे 'पास' न दाखवता ग्राहकाला स्पष्ट इशारा द्यावा. ही शेवटची मागणी माझ्यापुरती नाही.

बंद पडलेली डिस्क न उघडता जपून ठेवली आहे. आपल्या खर्चाने तपासणीसाठी न्यायची असेल तर माझी हरकत नाही. बिघाडाआधीचा आणि नंतरचा स्मार्ट अहवाल, आपल्या प्रतिनिधीशी झालेला सगळा पत्रव्यवहार आणि खरेदीची पावती सोबत जोडली आहे. नकार कायम ठेवायचा असेल, तर वॉरंटीच्या कोणत्या कलमाखाली, ते कलम उद्धृत करून आणि 241, 242 या नोंदींचा हिशेब देऊन लेखी कळवावे.

आपला,
एक ग्राहक

सोबत : वर नमूद केलेली कागदपत्रे