पुंटो घेच, पण आयडीव्ही बघून

चि. केतकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू जी जुनी फियाट पुंटो घ्यायची म्हणतेस, तिच्या विम्याचं तू पाठवलेलं कोटेशन वाचलं. रविवारी बाबा आणि मी कोथरूडला जाऊन गाडीही बघून आलो. गाडी मला आवडली. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून पाहिला, आतल्या टोकाला गाळाचा डाग नाही. जुलै २०२४ मध्ये एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हापासून पुण्यातली कुठलीही जुनी गाडी बघताना मी हे आधी करते. दारं दाबून लागतात, खालून गंज नाही. फक्त उजवा हेडलॅम्प लख्ख आणि डावा पिवळट आहे. उजव्या बाजूचा बंपर क्लिपऐवजी केबल टायने आवळलाय. म्हणजे पुढून एकदा ठोकर बसलीय आणि तेव्हा क्लिपसुद्धा मिळालेली नाही. माझी सगळी नोकरी मोटार क्लेमच्या टेबलावर झाली, त्यामुळे माझी नजर आधी तिथेच जाते.

इंजिनाची काळजी करू नकोस. १.३ मल्टिजेट हेच इंजिन स्विफ्ट डिझेलमध्येही होतं, त्याचं काम करणारे फिटर गल्लोगल्ली आहेत. अडतं ते पत्र्यावर आणि प्लास्टिकवर. बोनेट, फेंडर, बंपर, दिवे हे पुंटोचेच लागतात, आणि विम्याचे बहुतेक क्लेम याच वस्तूंचे असतात. फियाटने इथली विक्री गुंडाळली, रांजणगावच्या त्याच कारखान्यात आता जीप बनतात. बाबांनी नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांत चौकशी केली. दिवा मिळेल, पण जुना, आणि नवा बंपर मागवावा लागेल, कधी येईल ते सांगता येत नाही, असं उत्तर मिळालं.

आता कोटेशन. थर्ड पार्टीचे, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्याचे, ३,४१६ रुपये सरकारने ठरवलेले आहेत. १००० ते १५०० सीसीच्या सगळ्या खासगी गाड्यांना जून २०२२ पासून हाच दर आहे, मग फियाट असो की मारुती. कंपनीने विक्री बंद केली म्हणून तो आकडा रुपयानेही हलत नाही. हलतो तो ओडीचा भाग, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचा, आणि तो आयडीव्हीवर, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीवर चालतो.

इथे नीट लक्ष दे. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीची आयडीव्ही ठरलेल्या तक्त्याने उतरते, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा. पण पाच वर्षांपुढच्या गाडीला आणि उत्पादन बंद झालेल्या मॉडेलला तक्ता नाही. तिथे कंपनी आणि ग्राहक यांनी आपसात ठरवायचं, असं नियमातच आहे. म्हणजे एजंटने टाकलेले १,००,००० ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही. हप्ता कमी दिसावा म्हणून त्याने आकडा खाली ओढलाय आणि तुला तो स्वस्त वाटला.

तू १,८०,००० ला गाडी घेणार. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्णच गेली असं धरतात. एक लाखाच्या आयडीव्हीला ती रेषा ७५,००० वर येते. सुटे भाग दुर्मीळ असले की पुढून बसलेली एक बरी ठोकर एवढा खर्च सहज गाठते. इंजिन ठणठणीत, गाडी चालू शकते, आणि तुझ्या हातात लाखभर रुपये ठेवून ती भंगारात जाते. असे लोक टेबलासमोर बसलेले मी पाहिलेत, चांगली सांभाळलेली गाडी गेल्याचं दुःख पैशाहून मोठं असतं गं. आयडीव्ही १,६०,००० करून माग. वाढलेल्या ६०,००० वर जुन्या टॅरिफचा, म्हणजे विम्याच्या जुन्या दरपत्रकाचा, साडेतीन टक्क्यांच्या आसपासचा दर धरला तरी २,१०० रुपये आणि जीएसटी, आणि कंपन्या त्यावर सूट देतात. एवढे पैसे खर्च कर. एक कंपनी नाही म्हणाली तर दुसरीला विचार.

छोट्या क्लेमचं मात्र फार मनावर घेऊ नकोस. गाडीला दहा वर्षं उलटून गेलीत, म्हणजे प्लास्टिकवर ५० टक्के घसारा आणि आता पत्र्यावरही ५० टक्के. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, एवढ्या जुन्या गाडीला सहसा देत नाहीत. २०,००० चा बंपर-दिवा बदलला तर १०,००० मिळणार, त्यातून सक्तीचे हजार वजा, आणि वर पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाणार. असला खर्च खिशातून कर आणि बोनस राख.

बोनसवरून आठवलं. आधीच्या मालकाचा ५० टक्के बोनस गाडीबरोबर तुला मिळत नाही. कोटेशनमध्ये तो तुझ्या नावावर दाखवलाय, तो आधी काढायला सांग, नाहीतर क्लेमच्या वेळी हेच कारण पुढे करतील. तुझी वॅगनआर विकलीस तेव्हा कंपनीकडून बोनसचं पत्र घेतलं होतंस ना? ते तीन वर्षं चालतं, ते लाव.

पुणे टॅरिफच्या ए झोनमध्ये येतं आणि झोन नोंदणीच्या ठिकाणावरून ठरतो. त्यामुळे एमएच-१२ ची गाडी तू संभाजीनगरात चालवलीस तरी दर पुण्याचा. फरक किरकोळ आहे, त्यासाठी नंबर बदलायच्या भानगडीत पडू नकोस. त्यापेक्षा तिकडे पुंटोचं काम कोण करतं ते शोध, आणि ते गॅरेज ज्या कंपनीच्या कॅशलेस यादीत असेल तिची पॉलिसी घे.

गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या बाबा घेऊन ठेवतील. गाडी नावावर झाली की चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीला लेखी कळव. थर्ड पार्टी आपोआप तुझ्याकडे येते, ओडी येत नाही. सुधारलेलं कोटेशन आलं की आधी मला पाठव, तोवर बयाणा देऊ नकोस.

तुझी,
आई