मेंदूवरच्या संशोधनाला जरा जागा द्या

मा. संपादक, स. न. वि. वि.

स्मरणशक्ती म्हटलं की आपल्याकडे बदाम आणि प्राणायाम यापुढे लेख जातच नाहीत, म्हणून हे लिहितोय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या मेंदूशास्त्रज्ञ एलिनॉर मॅग्वायर जानेवारी २०२५ मध्ये वारल्या, त्यांच्या कामावर अख्खं पान यायला हवं होतं.

तिथल्या टॅक्सीवाल्यांना लायसन्ससाठी जवळपास २५ हजार रस्ते पाठ करावे लागतात, तर मॅग्वायरबाईंनी २००० साली अशा १६ जणांचे एमआरआय बघितले आणि हिप्पोकॅम्पसचा (म्हणजे मेंदूतला आठवणी आणि वाटा सांभाळणारा भाग) मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला. मग लोक म्हणाले की यांचा मेंदू मुळातच तसा असेल, तर त्यांनी ७९ शिकाऊ ड्रायव्हर घेतले, आधी स्कॅन केले, तीन-चार वर्षांनी परत केले, आणि वाढ दिसली ती फक्त पास झालेल्या ३९ जणांत. याला म्हणतात पुरावा! मोठ्या वयातही मेंदू बदलतो.

मला जास्त हलवून गेलं ते २००७ चं काम. हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या पेशंट्सना सांगितलं, समुद्रकिनाऱ्यावर पडलाय अशी कल्पना करा, तर एकाला आकाशाशिवाय काहीच दिसेना. म्हणजे आठवणींचे तुकडे जोडणारी तीच यंत्रणा उद्याचं चित्रही उभं करते. घरात विसरभोळं झालेलं माणूस असेल तर हे माहीत असणं फार गरजेचं आहे, कारण अशा माणसाला ‘पुढच्या महिन्यात लग्नाला जायचंय’ म्हटल्यावर तो गप्प का बसतो ते थोडं तरी कळतं.

दर आठवड्याला अर्धा कॉलम तरी द्या, प्लीज.

– एक वाचक, पुणे