दोन तासांत संपलेलं गाव

चि. ऋता,
अनेक आशीर्वाद.

दक्षिण फ्रान्समधल्या त्या ला कुव्हर्त्वाराद गावाचे फोटो मिळाले. तट, बुरूज, किल्ला, दगडी गल्ल्या आणि तुम्हा मैत्रिणींचे सेल्फी. खाली तुझी ओळ : ‘छान आहे बाबा, पण दोन तासांत संपलं.’ जेमतेम दोनशे वस्तीचं गाव दोन तासांत संपेल नाही तर काय! पण तटाबाहेरच्या फरसबंद तळ्याचा एकही फोटो नाही, हे पाहून राहवलं नाही. सगळी नोकरी जलसंधारणात गेली, त्यामुळे मला कुठेही आधी पाणीच दिसतं. गेल्या वर्षी तू माँपेलियेला परीक्षेत अडकली होतीस आणि आम्ही दोघं तिथे जाऊन आलो, तेव्हाही माझा निम्मा वेळ त्या तळ्याच्या काठावरच गेला. आईने त्यावरून मला पुरेसं ऐकवलं आहे, तू आणखी भर घालू नकोस.

आधी तिथला खडक समजून घे. आपल्या वर्ध्याला काळा बसाल्ट. त्याच्यावर पाणी अडवता येतं. हे गाव ज्यावर वसलंय ते लारझाकचं पठार म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरची चुनखडी. पाऊस तिथे पडतो, पण ठरत नाही. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड मिसळला की ते किंचित आंबट होतं, आणि चुनखडीच्या भेगा विरघळवत रुंद करत जातं. लाखो वर्षांचा उद्योग आहे हा. त्यामुळे वर ना ओढा, ना नाला. पाणी थेट डोंगराच्या पोटात उतरतं आणि पायथ्याच्या दऱ्यांत झरे होऊन फुटतं. चुनखडी विरघळून मागे राहिलेली तांबडी माती खोलगट जागी साचते, शेती काय ती तेवढ्यावरच. बाकी दगड आणि खुरटं गवत. अशा जमिनीवर पोट भरायचं तर मेंढीच पाळावी लागते.

आता ते तळं. त्याला तिथे लाव्होन्य म्हणतात. मध्याकडे उतरत गेलेली दगडी फरशी, खाली चिकणमातीचा थर. माती पाणी धरते आणि फरशी मातीला मेंढ्यांच्या खुरांपासून वाचवते. उतार इतका बेताचा की पाणी आटत जाईल तसा कळप पाय न घसरता आत आत उतरत जाईल. कोण्या इंजिनिअरने नकाशा काढून दिला नव्हता! घरंही त्याच हिशेबाची. लाकूड दुर्मीळ, म्हणून तुळयांऐवजी दगडी कमानी; छपरालाही दगडाच्याच चिपा. खाली मेंढ्या, वर माणसं, आणि वर जायला बाहेरून जिना. छपरावरचं पाणी टाकीत. तू ज्या जिन्यावर बसून फोटो काढलास ना, तो तसलाच.

दारांवर ठोकलेली ती मोठी वाळकी काटेरी फुलंही पाहिली असशील. ते कार्दाबेल. हवा कोरडी असली की पाकळ्या उघडतात, दमट झाली की मिटतात. मेंढपाळांची वेधशाळाच म्हण. पूर्वी त्याचा गाभा भाजी म्हणून खात. आता ते तोडू नये असा दंडक आहे, तेव्हा आईसाठी म्हणून एखादं उपटून आणशील तर खबरदार.

तू लिहिलंस, ‘टेम्पलरांनी तट बांधला.’ नाही. टेम्पलर म्हणजे धर्मयुद्धांत लढणारे ख्रिस्ती साधू-सैनिक. ते तिथे बाराव्या शतकात आले आणि त्यांनी किल्ला बांधला. लढाया तिकडे दूर जेरुसलेमच्या बाजूला. इथे त्यांची जहागीर होती. धान्य, लोकर, घोडे, पैसा इथून जायचा. १३१२ मध्ये पोपने त्यांचा संघ मोडला आणि मालमत्ता हॉस्पिटलर नावाच्या तसल्याच दुसऱ्या संघाकडे गेली. तट उभारला तो ह्या हॉस्पिटलरांच्या काळात, १४३९ च्या सुमारास. इंग्लंड-फ्रान्सच्या ‘शंभर वर्षांच्या युद्धा’तले भाडोत्री सैनिक टोळ्या करून मुलूख लुटत होते, त्यांची धास्ती. पण पाट्यांवर आणि दुकानांत टेम्पलरच जास्त खपतात, त्याला तू काय करणार?

फ्रेंच राज्यक्रांतीने हॉस्पिटलरही गेले. मग लोक पोटासाठी खाली मैदानात उतरत गेले आणि गाव ओस पडत आलं. पठार तगलं ते मेंढीच्या दुधावर. लाकोन जातीच्या मेंढ्यांचं दूध आणि त्याचं चीज मुरवणाऱ्या जवळच्या रॉकफोर गावच्या गुहा. त्या चीजला १९२५ मध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं. फ्रान्समध्ये असं मिळालेलं ते पहिलं चीज. २०११ मध्ये युनेस्कोने ह्या सगळ्या मुलखाला वारसा यादीत घेतलं, तेही किल्ल्यांसाठी नाही, मेंढपाळीने घडवलेल्या जमिनीसाठी.

आणि आता खरी गोष्ट, जी तुला तिथे कोणी सांगितलेली दिसत नाही. १९७१ मध्ये सरकारने लारझाकवरची लष्करी छावणी ३,००० हेक्टरांवरून १७,००० हेक्टरांवर न्यायचं जाहीर केलं. जमीन नापीक, माणसं मूठभर, मग बिघडतं कुठे, असा हिशेब. पुढच्या वर्षी लान्झा देल व्हास्तो नावाच्या म्हाताऱ्याने ला काव्हालरी गावात १५ दिवसांचं उपोषण केलं. इटलीत जन्मलेला हा माणूस १९३६ च्या अखेरीस हिंदुस्थानात आला होता आणि आपल्या वर्ध्याला गांधीजींपाशी राहिला होता. शांतिदास हे नाव त्याला गांधीजींनीच दिलं. त्याच सुमारास १०३ शेतकऱ्यांनी जमीन सोडणार नाही अशी शपथ घेतली. त्यांनी आयफेल टॉवरखाली मेंढ्या नेऊन चारल्या, पॅरिसवर ट्रॅक्टर नेले, पुढे पायी गेले. दहा वर्षं असं रेटलं. १९८१ मध्ये मितराँ राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि विस्तार रद्द झाला. पण मला त्याच्या पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो : १९८५ मध्ये सरकारने आधीच घेऊन ठेवलेली सुमारे ६,३०० हेक्टर जमीन शेतकऱ्यांनी स्थापलेल्या संस्थेला दीर्घ मुदतीने कसायला दिली. जमीन विकायची नाही, कसणाऱ्यानेच कसायची. विनोबांच्या पवनारपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या मला हे वाचून काय वाटलं असेल, बघ.

पुढच्या सुट्टीत गाडी उत्तरेला ला ब्लाकिएरकडे वळवा. ह्याच लढ्यात १९७३ पासून परवाना नसताना, स्वयंसेवकांनी हातांनी दगड रचून उभारलेला मेंढवाडा आहे तिथे. खाजगी जागा आहे, विचारल्याशिवाय आत शिरू नका. ए-७५ हमरस्त्यावर मियोचा पूल सोडला तर टोल नाही. पेट्रोल मात्र आधीच भरून घ्या.

तुझा,
बाबा

ता. क. आई विचारते, येताना रॉकफोर आणलंस तर ते विमानात बिघडणार नाही ना? मी म्हटलं, आधीच बुरशी लावलेली वस्तू आणखी काय बिघडणार! तिला पटलेलं नाही. तूच फोन करून सांग.